पाचवी फळी

घोडेगाव शिवार, ता. नेवासा
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय फैयाज,

पाकिटावर तुझं नाव सत्यशीलाने लिहिलंय. माझं अक्षर तू लगेच ओळखशील. नगरला आयटीआयला असताना दोन वर्षं माझ्याच वह्या उतरवून घेत होतास. ते अक्षर बघून पाकीट न फोडताच बाजूला टाकशील अशी धास्ती वाटली, म्हणून बायकोकडून नाव लिहून घेतलं. आत मात्र सगळं माझ्या हातचं आहे. चार कागद फाडून हा पाचव्यांदा लिहायला बसलोय. एवढं शेवटपर्यंत वाच, नंतर त्याचं काय करायचं ते तू ठरव.

आधी आबांचं सांगतो. तुला पहिलं तेच विचारायचं असणार. आबा आहेत. उजवा हात थरथरतो, त्यामुळे चहा बशीत न घेता मोठ्या पेल्यात अर्धाच देतो. गुडघ्याखाली पायांना मुंग्या येतात, काठी घेऊन ओसरीपासून गोठ्यापर्यंत जातात आणि परत येतात. मळ्यात जाणं संपलं. गावात जाणंही संपलं. पण जेवण बरं आहे, डोकं तर पहिल्यापेक्षाही तल्लख आहे. सहादेव दादाचा ऊस यंदा चांगला आलाय. आईची माळ, तिचं सोवळं, सगळं तसंच. घरातलं सगळं पूर्वीसारखं चाललंय असं बाहेरून कुणालाही वाटेल. दीड वर्ष मी स्वतःलाही तेच सांगत होतो.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या त्या रविवारबद्दल मला लिहायचंय. तुला वाटेल, मला काय सांगतोस, मी तिथेच होतो. होतास. पण मधली दहा-बारा मिनिटं नव्हतास.

तेव्हा तुझं शिंगणापूरला एका घराचं काम चालू होतं. चौकटी बसवायच्या, पण दारं करायची नाहीत, यावरून तू किती हसायचास. त्या कामामुळे दर दोन-तीन दिवसांनी तुझा टेम्पो आमच्या वस्तीवर थांबायचा. आबा तुझी वाट बघायचे. तू आलास की त्यांचं एकच, मिस्तरी, या खाटेचा पाय बघ, या दाराचा कोयंडा बघ. काही बिघडलेलं नसायचं, तुला बसवून घ्यायचं निमित्त. मला, पोटच्या पोराला, तर ते कधी अर्धा तास बसवून घेत नाहीत.

आणि मग तू मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवलास. परदेशातला कुणी माणूस भिजवलेल्या फळीवर मासा ठेवून निखाऱ्यावर भाजत होता. तू म्हणालास, "गहिनी, सुताराच्या पोटी जन्मलो आणि ही अक्कल मला कुणी शिकवली नाही. लाकडाचा वास माशात उतरला पाहिजे." आठ दिवस तुझ्या डोक्यात तेवढंच होतं. साग नको, तेलकट असतो. निंब नको, कडू. बाभळीचे निखारे, पण फळी आंब्याचीच. रंध्याने साफ केलेल्या, हात-दीड हात लांब, बोटभर जाड अशा चार फळ्या तू केडगावच्या तुझ्या वर्कशॉपमधून आणल्यास. पॉलिश लागलेल्या पटाशीनेसुद्धा त्यांना शिवलो नाही, असं तू आबांना दोनदा सांगितलंस. आदल्या दिवशी येऊन आमच्या टाकीत त्या बुडवून, वर दगड ठेवून गेलास. हे सगळं मला इतकं स्पष्ट आठवतं, कारण पुढे पोलिसांनी मला हेच विचारलं आणि तुझ्या या काळजीबद्दल एक अक्षरही मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी राहुरीहून मुळा धरणातले दोन मोठे कटले घेऊन तू आलास. आईला घरात मासा चालत नाही, म्हणून गोठ्याच्या पलीकडे, चिंचेखाली आपण दगड मांडले. तू प्रत्येक माशाचे उभे दोन भाग केलेस. चार फळ्या, चार भाग. हळद, मीठ, तिखट, लसूण, वरून लिंबू. फळीवर कातडीची बाजू खाली, वर लोखंडी घमेलं पालथं. पहिला भाग उघडलास तेव्हा जो वास सुटला तो अजून नाकात आहे. दादासारखा माणूस, ज्याला तुझं वस्तीवर येणं फारसं आवडायचं नाही, तोही फळीपाशी उकिडवा बसून बोटं चाटत खात होता. तीन फळ्यांवरचे तीन भाग आपण सगळ्यांनी मिळून संपवले. चौथा आबांसाठी राखून ठेवला होता. ते कांद्याला पाणी धरायला गेले होते.

तुझ्या दुपारच्या नमाजाची वेळ झाली. चौथी फळी निखाऱ्यावर ठेवून तू मला बजावलंस, "वारा घालू नकोस. मंद आचेवर राहू दे. कडेला ठिणगी दिसली की पाणी शिंपड." आणि तू विहिरीकडे गेलास.

आबा बांधावरून येताना दिसले. मला वाटलं, ते हातपाय धुवून येईपर्यंत मासा तयार पाहिजे. मी सुपाने वारा घातला. जोरात घातला. फळीने खालून पेट घेतला आणि बघता बघता मधोमध तडकली. दादा हसायला लागला. म्हणाला, "मिस्तरी उठला की तुझी अक्कल गेली. त्याच्याशिवाय तुला काही जमतं का रे?" बोलणं साधंच होतं. थट्टाच होती. पण माझ्या कानशिलात रक्त चढलं. दादा बायकोला हाक मारत घराकडे गेल्यावर मी मासा पटकन परातीत काढला, तडकलेली फळी काठीने निखाऱ्यात ढकलली. आणि मी गोठ्यात गेलो.

गोठ्यात पेंडीची पोती ठेवायला भिंतीला लावून एक फळी टाकलेली होती. तिच्या खाली वाळवी चढली होती. बारा दिवसांपूर्वी मीच बाजारातून औषध आणून ब्रशने तिला दोन हात दिले होते. ती फळी मी ओढून काढली. नळाखाली धरली, नारळाच्या काथ्याने घासली. नाकाजवळ नेली.

मला वास आला, फैयाज. रॉकेलसारखा, पण त्याहून उग्र. हे वाक्य दीड वर्ष मी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. मला विसर पडला होता असं आधीच्या चार कागदांवर लिहिलं होतं, म्हणून ते फाडले. विसर पडला नव्हता. वास आला, औषध आठवलं, आणि मनात म्हटलं, धुतलीय, आच लागली की उडून जाईल. तू परत यायच्या आत मासा फळीवर दिसला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मासा तिच्यावर ठेवला आणि घमेलं पालथं घातलं.

तू आलास. घमेल्याकडे बघून विचारलंस, "जळली नाही ना?" मी म्हणालो, "नाही." तिथून सुरुवात झाली.

मासा मीच ताटात काढला आणि फळी दिसू नये म्हणून घमेलं परत तिच्यावर पालथं घातलं. आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. म्हणाले, "जरा कडू लागतंय रं." तू पुढे होऊन बघणार होतास. मी तुझ्या आधी बोललो. म्हणालो, "आबा, तो लाकडाचा वास. त्याच्यासाठी तर एवढं केलं." आबा हसले आणि खात राहिले. मुलाने वाढलंय म्हणून बापाने संपवलं. तुझ्यासमोर झालं हे. तुला आठवत असेल तर त्या वेळी माझं तोंड कसं होतं ते आठव.

पुढचं तुलाही ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण त्यातही तुला न दिसलेलं आहे. अर्ध्या तासात आबांना घाम फुटला. तोंडातून लाळ थांबेना. उलटी, परत उलटी. कुणाला काही सुचायच्या आत तू टेम्पोच्या हौद्यात गादी टाकलीस, आबांना उचललंस. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दादा मोटरसायकलवर पुढे. जेऊरच्या अलीकडच्या घाटात मालट्रक आडवा झाला होता आणि दोन्हीकडून गाड्यांची रांग लागली होती. तू खाली उतरून पळत गेलास. एकेका गाडीवाल्याला हात जोडून बाजूला घ्यायला लावत होतास. मागच्या जाळीतून मला तू दिसत होतास, आणि मांडीवर आबांचा श्वास घरघरत होता. मी त्या वेळी देवाला काय म्हणालो माहीत आहे? आबा वाचू दे, असं म्हणालो. आणि त्याच दमात म्हणालो, कुणाला कळू नको देऊ. दोन्ही एकाच वेळी मागितलं. दोन्ही मिळालं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न केला, "काय प्यायले?" दादा भडकला, आमचा बाप कशाला काही पिईल! डॉक्टर शांतपणे म्हणाले, फवारणीच्या औषधासारखं काहीतरी पोटात गेलंय, उपचार चालू केलेत, पण कुठलं औषध ते कळलं तर बरं होईल. त्यांनी तीनदा विचारलं. मला त्या बाटलीचं नाव पाठ होतं. हिरवं झाकण होतं तिला. माझ्या बापाला नळ्या लावत होते आणि मी तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात दादाने विचारलं, "फळ्या कुणी आणल्या होत्या?" आणि तुझी गचांडी धरली. तुझा सदरा आबांच्या उलटीने भरलेला होता. तू दादाचा हात सोडवला नाहीस. माझ्याकडे बघितलंस. गहिनी सांगेल, असं बघितलंस. मी भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत उभा राहिलो.

विषबाधेची केस म्हणून दवाखान्याने पोलिसांना कळवलं. हवालदाराने माझा जबाब घेतला. फळ्या कुणी आणल्या? फैयाज पीरमहंमद, राहणार केडगाव. मासा भाजायची कल्पना कुणाची? त्याचीच. त्याला स्वतःला काही त्रास झाला का? नाही. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं आणि सगळा जबाब खोटा होता. खाली मी सही केली. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला म्हणून वस्तीवर आलो, चिंचेखालची ती काळवंडलेली पाचवी फळी उचलली आणि कालव्यात टाकली. वाहून जाईपर्यंत उभा राहिलो. नंतर पंचनाम्याला आलेल्यांना तीनच फळ्या मिळाल्या. चौथीचा कोळसा झाला होता. पण लोक म्हणाले, चौथी त्यानेच गायब केली.

तुझ्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी डबे उचलले. कुठल्या सुताराकडे वाळवीचं औषध नसतं? तुला तीन दिवस सकाळी बोलवून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. कुणीतरी तुझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आधी लिहिलं होतं 'निष्काळजीपणा'. दोन तासांनी कुणीतरी लिहिलं 'मुद्दाम'. मी ते वाचलं. मग तुझ्या नावावरून, धर्मावरून जे जे लिहिलं गेलं तेही वाचलं. माझ्या लग्नात ज्या पोरांसोबत तू मांडव बांधला होतास, त्याच पोरांनी लिहिलं. मी ग्रुपमधून बाहेरसुद्धा पडलो नाही. बाहेर पडलो असतो तर का पडलास असं कुणीतरी विचारलं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. ठाण्याच्या बाहेरून बोलत होतास, मागे गाड्यांचा आवाज होता. तू ना ओरडलास, ना काही मागितलंस. एवढंच म्हणालास, "गहिनी, नीट आठव. आबांच्या माशाखाली माझीच फळी होती ना?" मी म्हणालो, "हो. तुझीच." मग "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तो आपला शेवटचा फोन.

तपासात काही निष्पन्न झालं नाही, फाईल मिटली. पण शिंगणापूरचं काम तुझ्या हातून गेलं, वसतिगृहाच्या खिडक्यांचं ठरलेलं काम गेलं, जागामालकाने वर्कशॉप रिकामं करायला सांगितलं. सुमैरावहिनीच्या माहेरी, कोपरगावला तुम्ही निघून गेलात हे मला महिनाभराने कळलं. तुमच्या इन्शाची शाळा वर्षाच्या मध्यात सुटली हेही कळलं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, आता सांगतो. मग म्हणायचो, आता सांगून काय उपयोग.

आबा अकराव्या दिवशी घरी आले. त्यांना त्रास होईल असं काही बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादाने त्याचा हुकूम केला. मासा खराब होता, एवढंच आबांना सांगितलं. "मिस्तरी का येत न्हाई?" असं ते विचारायचे, तर त्याचं काम वाढलंय, असं उत्तर ठरलेलं. गावात जाणं बंद, त्यामुळे त्यांच्या कानावर दुसरं काही आलं नाही. माझं नशीब म्हणायचो मी याला.

गेल्या महिन्यात आबांच्या खाटेचा पाय खरोखरच मोडला. आबा हट्टाला पेटले, फैयाजला बोलवा, दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार नाही. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी दादाचा तोल गेला आणि त्याने सगळं ओकून टाकलं. ज्याला बोलवा म्हणताय त्यानेच तुम्हाला विष घातलं, औषध लावलेली फळी आणली, पोलिसांनी त्याला बसवलं होतं, गाव सोडून पळाला. आबा ऐकत राहिले. रात्री जेवले नाहीत.

सकाळी मी धार काढत होतो. आबा काठी टेकत गोठ्यात आले, पेंडीच्या पोत्यांपाशी उभे राहिले. तिथे आता लोखंडी स्टँड आहे. म्हणाले, "गहिनी, हितं फळी हुती. कुठं गेली रं?" माझ्या हातातली चरवी कलंडली. आबा म्हणाले, "मी न्हाणीपाशी पाय धुत हुतो. तू हितनं फळी काढून नेलीस, मी बघितलं. मला वाटलं, मिस्तरीनंच सांगितलं आसंल. मला काय म्हाईत त्याच्यावर बालंट आलंय." आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा तो थरथरता हात काठीवर होता. म्हणाले, "माझं जाऊ दे. मी तुझा बाप हाय. पर त्यानं तुला काय केलं हुतं?" मग जाता जाता म्हणाले, "पंधरा आगस्टला गावसभा हाय. तू बोलतोस का मी जाऊन बोलू? मला उचलून न्यावं लागंल, पर मी जाईन."

त्या दिवशी घरात सगळ्यांसमोर मी सांगितलं. आई देवापुढे जाऊन बसली. दादाने मला मारलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. आबा वाचले. आता हे उकरून काढलंस तर गावात आपल्या घराला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माझंही तोंड त्यात आहे." मला त्याचा राग आला नाही, फैयाज. दीड वर्ष मी मनात हेच बोलत होतो, फक्त त्याने ते मोठ्याने म्हटलं. सत्यशीला उठली, साडी बदलून आली आणि म्हणाली, "पोलीस ठाण्यात मी येते सोबत." लग्नाला अठरा वर्षं झाली, त्या दिवशी सबंध रस्ता ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण सोबत आली.

ठाण्यात साहेब म्हणाले, प्रकरण मिटलंय, घरी जा. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी लेखी अर्ज घेतला. फळी कुठली, औषध कुठलं, कुठे टाकली, आधीचा जबाब अपुरा का दिला, सगळं लिहून दिलंय. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे.

परवा, पंधरा तारखेला, झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात गावसभा झाली. पाणीपट्टीचा विषय संपल्यावर मी उभा राहिलो. लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, माझ्या बापाच्या पोटात विष फैयाजच्या फळीतून गेलं नाही, माझ्या गोठ्यातल्या फळीतून गेलं, मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. कुणीतरी "काय म्हणतो?" असं विचारलं, म्हणून परत एकदा मोठ्याने सांगितलं. पुढच्या रांगेतला एकजण हसला. 'मुद्दाम' लिहिणारा पोरगा मोबाईलकडे बघत राहिला. दोघं-तिघं उठून गेले. एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "लई उशीर केलास," आणि गेला. सरपंच म्हणाले, चला, पुढचा विषय. एवढंच झालं. आभाळ फाटलं नाही, कुणी रडलं नाही. दादा सभेला आला नव्हता. आता तो माझ्याशी बोलत नाही. चूल वेगळी करायची भाषा चालू आहे.

हे सगळं करून झाल्यावर मी ठरवलं होतं की सरळ कोपरगावला येऊन तुझ्यासमोर उभा राहायचं. तू शिव्या देशील, हाकलशील, कदाचित मारशील. त्याची तयारी केली होती. तू मला खोटारडा म्हणतोस, दगाबाज म्हणतोस, असं धरूनच मी इतके दिवस जगत होतो. पण काल केडगावच्या वखारीचा कल्याण मला शोधत वस्तीवर आला. सभेतलं त्याच्या कानावर गेलं होतं. तो जूनमध्ये तुला भेटून आला होता. त्याने सांगितलं, तू कापडाच्या दुकानात कापड मोजतोस. रंधा, करवती, पीरमहंमद चाचांच्या वेळच्या पटाश्या, सगळं देऊन टाकलंस. कल्याणने तुला म्हटलं होतं, अरे, तुझ्यावर काही सिद्ध झालं नाही, परत काम सुरू कर. तू म्हणालास, "सिद्ध झालं नाही, पण माझ्याच हातून कुठंतरी चूक झाली असणार. औषधाचा हात लागला असेल, बाकावर सांडलेलं असेल. मी गहिनीला विचारलं होतं. तो म्हणाला, फळी तुझीच. गहिनी खोटं बोलणार नाही. आता लाकूड हातात घेतलं की आबांचा चेहरा दिसतो." म्हणून हे पत्र, फैयाज. मी येऊन तोंडाने सांगितलं असतं तर तुझ्या समोर मी पुन्हा काहीतरी गाळलं असतं, मवाळ केलं असतं, आणि तू पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला असतास. उद्या सकाळी कल्याणच्या हाती पाठवतोय, म्हणजे मी नसताना, तुझ्या घरात बसून तू वाचशील. सुमैरावहिनीला आणि इन्शाला वाचून दाखव, कोपरगावात ज्याला दाखवायचं त्याला दाखव. मला माफ कर असं मी कुठेही लिहिलेलं नाही, शोधू नकोस. फक्त एवढं समजून घे, की तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही. तुझ्या फळ्या स्वच्छ होत्या. तू विचारलंस तेव्हा गहिनी खोटं बोलला.

तुझा म्हणण्याचा हक्क नसलेला, तरीही तुझाच,
गहिनीनाथ